विंचवाच्या बिऱ्हाडाची दिवाळी

“स्वतःचं घर झालं की मग बघू!”

हे वाक्य ज्या घरात कधीच कोणी उच्चारले नाही, असे मध्यमवर्गीय बिऱ्हाड महाराष्ट्रात शोधून सापडायचे नाही. दाराला पडदा हवा? स्वतःचं घर झालं की मग. पुस्तकांना फळी हवी? स्वतःचं घर झालं की मग. लग्नात आहेर म्हणून आलेला कपबश्यांचा सेट खोक्यात पेंढ्यावर डोके टेकून झोपलेला असतो, आणि पाहुणे आले की कान तुटलेले कप बाहेर येतात. चांगला सेट कोणासाठी ठेवला आहे, असे विचारावे, तर उत्तर तेच!

मग एके दिवशी खरोखरच स्वतःचे घर होते. कर्जाचा पहिला हप्ता जातो, गणेशपूजन होते, पडदे लागतात, फळ्या लागतात, खोकेही सुटते. पण तोवर मुलगी बारावी होऊन परगावच्या वसतिगृहात गेलेली असते आणि मुलगा नोकरीच्या मुलाखती देत फिरत असतो. ज्यांच्यासाठी घर मांडायचे होते, ती मंडळी आता त्या घरात सुटीपुरती येणार! घराची वाट वीस वर्षे पाहता येते. मुलांच्या लहानपणाला मात्र ‘जरा थांब’ म्हणता येत नाही.

म्हणून यंदाच्या दिवाळीत त्या ‘मग’ला रजा द्यावी, आणि आज ज्या दोन खोल्यांत आपण राहतो, मग त्या भाड्याच्या का असेनात, त्यांनाच घर समजून हात घालावा, अशी वाचकांना विनंती आहे. खर्चाची भीती नको. पैसा थोडाच लागतो; विचार मात्र थोडा अधिक लागतो.

धामणगावचे बिऱ्हाड

शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून गृहसजावटीचे सल्ले देणे फार सोपे. कोपऱ्यावर दुकान असते, सुतार हाकेच्या अंतरावर असतो, आणि फोनवर बोट टेकवले की वस्तू दारात येते. सल्ला खरा की खोटा हे पाहायचे, तर तो एखाद्या आडगावी नेऊन कसाला लावावा. तेव्हा आपण बुलढाणा जिल्ह्यात जाऊ.

मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या मलकापूर स्टेशनवर उतरले, की बुलढाण्याकडे जाणारा रस्ता मोताळा तालुक्यातून राजूर घाट चढत जातो. याच मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. गावाच्या नावापुढचे ‘बढे’ विसरून चालत नाही. कारण अमरावती जिल्ह्यात ‘धामणगाव रेल्वे’ आहे, आणि नुसते ‘धामणगाव’ एवढाच पत्ता लिहिला तर दिवाळीची भेट पाडव्याऐवजी तुळशीच्या लग्नाला पोचायची. मुलूख वऱ्हाडाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतात कापसाच्या वेचणीला सुरुवात होते. गावाला पोलीस ठाणे आहे. पोलीस, शिक्षक, बँकेचे कारकून, दवाखान्यातल्या परिचारिका, ग्रामसेवक अशी नोकरीमुळे फिरणारी मंडळी असल्या प्रत्येक मोठ्या गावात असतात. त्यांतल्या पुष्कळांची मुळे शहरात, पाने मात्र सध्या या गावात!

या मंडळींचे बिऱ्हाड म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्यांविषयी जो २००५ चा अधिनियम आहे, त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा धरला आहे. शिक्षकांचे नियम वेगळे, बँकांचे आणखी वेगळे. पण हिशेब सगळ्यांचा सारखाच. कायमचे कोठेच नाही. पुण्या-मुंबईत अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर घरे बदलणाऱ्या तरुण जोडप्यांची गतही काही निराळी नाही. म्हणजे धामणगावात जे जमेल, ते कोथरूडला आणि डोंबिवलीलाही जमेल.

आता आपण डोळ्यांसमोर एक बिऱ्हाड आणू. गुरुजी आणि बाई, दोन मुले, बरोबर गुरुजींच्या मातोश्री. पुढची खोली दहा फूट बाय बारा फूट, मागची त्याहून लहान, तिथेच ओटा. वर पत्रे, ज्यांना वऱ्हाडात ‘टिन’ म्हणतात. भिंतींना जुना चुना, त्यावर पावसाळ्यातल्या ओलीचे नकाशे. एक खिडकी, एक पिवळट बल्ब. आणि किल्ली हातात देताना घरमालकीणबाईंची प्रेमळ ताकीद, “बाई, भिंतीले खिळे नोका ठोकू बरं!”

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. खर्चायला फार नाही. बाईंनी काय करावे?

आधी काढा, मग मांडा

सर्वांत पहिले काम बिनपैशाचे आहे. खोलीतली प्रत्येक वस्तू अंगणात काढावी आणि रिकाम्या खोलीकडे एकदा नीट पाहावे. पुष्कळांना आपली खोली केवढी आहे हे त्या दिवशीच कळते!

मग एकेक वस्तू आत घेताना तिला एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षभरात तू काय केलेस? बिघडलेला मिक्सर, एका पायाने अधू झालेली खुर्ची, तीन मोबाइलांची रिकामी खोकी, “होईल कधी उपयोगी” म्हणून ठेवलेल्या पिशव्यांची पिशवी, यांच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसते. त्यांना उंबरा ओलांडू देऊ नये. बारा फुटांच्या खोलीची खरी शोभा म्हणजे मोकळी जमीन; ती विकत मिळत नाही, फक्त रिकामी करता येते. आजींच्या पितळी डब्याचा हिशेब मात्र निराळा. तो वापरात नसला, तरी चिंचेने घासून मांडणीवर ठेवला, तर दुकानातल्या कोणत्याही फुलदाणीहून अधिक झळकेल.

छोट्या जागेत राहण्याचे शास्त्र कोणाकडून शिकायचे असेल, तर मुंबईच्या चाळकऱ्यांकडून शिकावे. मुंबईत १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे सरकारने बी. डी. डी. चाळी बांधल्या. इमारती २०७, आणि एकेका खोलीचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस फूट! त्यांची जागा आता उंच इमारती घेऊ लागल्या आहेत. पण त्या एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांनी संसार केले, लग्नकार्ये केली, गावाहून आलेल्या भाच्यांना परीक्षांना बसवले. त्यांचे सूत्र साधे होते: प्रत्येक वस्तूने दोन कामे केली पाहिजेत. पलंगाखाली ट्रंका, ट्रंकेवर गादी घातली की बसायला बाक, दोरीवरचा पडदा ओढला की एका खोलीच्या दोन खोल्या. धामणगावच्या बाईंनाही हेच सूत्र पुरेल.

चुना त्यांचा, हात आपले

आता भिंत. नवा भाडेकरू पुष्कळदा इथेच फसतो. ओलीचे डाग झाकायला तो महागडा रंग आणतो किंवा भिंतीला चिकटवायचा फुलाफुलांचा कागद आणतो. ओल आतून येते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ती रंगाखाली फुगते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे हातात येतात. खर्च झाला आपला, आणि भिंत तर मालकाचीच!

अशा भिंतीला साधा चुना उत्तम. तो ओल कोंडून ठेवत नाही; बुरशीला वाढू देत नाही; आणि सगळ्यांत स्वस्त. आपल्या आज्यांनी दिवाळीआधी घराला चुना काढण्याची रीत घातली, तिच्यामागे पावसाळा संपल्याचे हे गणित होतेच.

रीत अशी: विझवलेला चुना आणावा. कळीचा चुना घरी विझवू नये, पाण्यात तो उकळतो आणि उडतो. एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी घालून ढवळावे आणि चोवीस तास मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी जाड्याभरड्या फडक्यातून गाळून घ्यावे. गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घालावा, म्हणजे भिंतीला टेकले की कपड्यांना पांढरे लागत नाही. चिमूटभर नीळ घालावी, किलोमागे तीन ग्रॅमपर्यंत पुरते. तिने पांढरा रंग खुलतो. भिंत आधी घासून, झटकून, किंचित ओली करावी. पहिला हात आडवा द्यावा, तो वाळला की दुसरा उभा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये, हातांवरही फार वेळ राहू देऊ नये; मुलांना त्या दिवशी शेजारी धाडावे. एक सूचना महत्त्वाची: भिंतीला पूर्वी तेलाचा रंग लावलेला असेल, तर चुना त्यावर धरत नाही. तिथे साबणाच्या पाण्याने पुसून घेणे हाच उपाय.

आणि हे सारे करण्यापूर्वी घरमालकीणबाईंकडे जाऊन म्हणावे, “काकू, चुना तुमचा, हात आमचे!” घर फुकट उजळून मिळते आहे म्हटल्यावर बहुतेक काकू चुन्याचे पैसे देतील, वर कुंचाही देतील. खिळ्यांच्या बाबतीत बोलणी करायलाही हीच वेळ चांगली.

भाड्याच्या घरात पैसे घालायचे ते असे, बेताने आणि विचारून. जी वस्तू घर सोडताना ट्रकमध्ये चढते तिच्यावर खर्च करावा, आणि जी भिंतीलाच राहते तिच्यावर श्रम करावेत. हा एक नियम पाळला, तर सजावटीचा पैसा कधी वाया जात नाही.

उजेड हीच अर्धी सजावट

भिंत पांढरी झाली की पहिला फायदा डोळ्यांना होतो. ताज्या पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी सुमारे आठ दशांश उजेड परत खोलीत येतो. गडद हिरवी किंवा तपकिरी भिंत त्यातला मोठा भाग गिळून टाकते. म्हणजे लहान खोलीला चुना काढणे, हे एका परीने दुसरी खिडकी पाडण्यासारखेच आहे.

आता बल्ब. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू केली आणि एलईडीचे दिवे गावोगाव पोचले, स्वस्तही झाले. नऊ वॉटचा एलईडी दिवा साधारण जुन्या साठ वॉटच्या बल्बाएवढा उजेड देतो. रोज पाच तास दिवा जळतो असे धरले, तर साठ वॉटच्या बल्बाला महिन्याला नऊ युनिटे लागतात, एलईडीला दीडही लागत नाही. गुरुजींकडे जुना बल्ब अजून असेल, तर दिवाळीची ही पहिली खरेदी असावी.

पण घेताना खोक्यावरचा एक आकडा वाचावा. ६५०० केल्व्हिन लिहिले असेल, तर उजेड निळसर पांढरा पडतो. अभ्यासाला ठीक, पण बैठकीत दवाखान्याची कळा येते. २७०० किंवा ३००० लिहिले असेल, तर तोच उजेड कंदिलासारखा उबदार पिवळा दिसतो. पुढच्या खोलीत असा एक पिवळा दिवा कोपऱ्यात खाली लावावा, त्याला वेताची जुनी टोपली उपडी करून छत्री करावी, आणि संध्याकाळी छतावरचा दिवा मालवून पाहावा. टिनाखालची तीच खोली! आजी विचारतील, “आज काय आहे गं?”

आरसा असेल तर खिडकीच्या समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर लावावा, म्हणजे दिवसाचा उजेड दुप्पट वाटतो. मात्र आरशात मोरी दिसत नाही ना, एवढे आधी पाहावे.

एका साडीचे गणित

खोलीला कपड्याइतके चटकन रूप दुसरे काहीच देत नाही, आणि कपड्याचे भांडार प्रत्येक घरात भरलेले असते. बाईंच्या ट्रंकेत सहा-सात सुती साड्या अशा असतातच, ज्यांचा पदर विरला आहे पण अंग शाबूत आहे.

साधारण साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा-एक मीटर रुंद असते. तिचे आडवे दोन तुकडे केले, तर प्रत्येक पावणेतीन मीटरचा होतो. दाराला तो भरपूर पुरतो, वर शिलाई दुमडायलाही कापड उरते. चार तुकडे केले, तर प्रत्येकी एक मीटर पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. चार फुटी खिडकीला असे दोन तुकडे लावले की चुण्या छान पडतात, आणि दोन खिडक्या एका साडीत होतात. पडद्याची दोरी किंवा नळी खिडकीच्या चौकटीला टेकून लावू नये. जमेल तितकी उंच आणि दोन्ही बाजूंना थोडी जास्त लांब लावावी. खिडकी मोठी वाटते आणि छत उंच वाटते. शिलाई हातशिलाईची चालते. काठ पदराचे असले तर ते खाली यावेत; झालरीचा खर्च वाचतो.

एक धोरण ठेवावे. पडदे, अभ्रे, चादर यांत मिळून दोनच रंग असावेत, तिसरा आलाच तर ठिपक्याएवढा. लहान खोलीत सात रंग आले, की ती कापडाच्या दुकानासारखी दिसू लागते.

आणि गोधडी! वऱ्हाडात तिला वाकळ म्हणतात. आजींच्या हातची वाकळ आपण पाहुणे आले की घाईघाईने घडी करून लपवतो आणि यंत्रावर छापलेली चकचकीत चादर पसरतो. हे उलटे करून पाहावे. चार पिढ्यांच्या लुगड्यांचे तुकडे, त्यांवर धावदोऱ्याच्या ओळी. असे वस्त्र शहरातल्या प्रदर्शनांत हातमोल किमतीला विकले जाते. ते ट्रंकेत नको, पलंगावर हवे.

सोफा नको, बैठक हवी

सोफासेटबद्दल दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. हप्त्यांवर मिळतो म्हणून तो घेतला जातो. सहा फुटी सोफा आणि दोन खुर्च्या मिळून सत्तावीस-अठ्ठावीस चौरस फूट जागा खातात. गुरुजींची पुढची खोली १२० चौरस फुटांची. म्हणजे चवथ्या हिश्शाच्या आसपास भाडे सोफा खाणार, आणि शिवाय त्यावर आपण झोपायचे नाही, मुलांनी उड्या मारायच्या नाहीत. बदली झाली की ट्रकात आधी त्याला जागा द्यायची, आणि नव्या गावातल्या दारातून तो आत जात नाही, हे तिथे पोचल्यावर कळायचे!

त्यापेक्षा आपली जुनी भारतीय बैठक काय वाईट आहे? भिंतीलगत गादी, तिच्यावर स्वच्छ चादर, पाठीला दोन लोड, खाली सतरंजी. रात्री तीच गादी झोपायला, दिवसा तीच बसायला. चार पाहुणे अधिक आले तरी खुर्च्या मागायला शेजारी जावे लागत नाही. आपण तर कापसाच्या मुलखात आहोत. जुन्या गादीचा दडपलेला कापूस पिंजून पुन्हा भरून घेतला की ती नव्यासारखी होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्या आजींसाठी आणि वडीलधाऱ्या पाहुण्यांसाठी मात्र एक चांगली, हातांची खुर्ची अवश्य असावी. काटकसर वृद्धांच्या गुडघ्यांवर करू नये.

दोन खिळ्यांची सवलत

आता काकूंची ताकीद. भिंतीला खिळा नको म्हणतात, त्यात त्यांची चूक नाही. मातीच्या किंवा जुन्या गिलाव्याच्या भिंतीत खिळा ठोकला, की नाण्याएवढा पोपडा निघतो, आणि प्रत्येक भाडेकरू पाच-पाच खिळे ठोकून गेला, तर भिंतीची चाळण होते. चिकटवायच्या आकड्या चुन्याच्या भिंतीवर टिकत नाहीत, चुन्याची भुकटी घेऊन खाली येतात.

तेव्हा काकूंकडून फक्त दोन खिळ्यांची सवलत मागावी, तीही जुनी भोके असतील तिथेच. त्या दोन खिळ्यांवर चार फुटी लाकडी पट्टी टांगावी आणि पट्टीला हवे तितके आकडे लावावेत. तसबीर, पिशव्या, मुलांची चित्रे, किल्ल्या, सारे त्या पट्टीवर. भिंतीला भोके दोन, आणि बदलीच्या दिवशी पट्टी काढून कागदात गुंडाळली की ‘भिंत’ आपल्याबरोबर निघाली!

जुन्या घरात कोनाडा असला, तर बाईंचे भाग्यच म्हणायचे. कोनाड्याला आतून चुना, कडेला गेरूची बोटभर रेघ, आत एकच वस्तू: समई, पितळी तांब्या, किंवा बाटलीतला मनीप्लांट. हे रोप नुसत्या पाण्यात आणि कमी उजेडातही वाढते. पाणी मात्र दर आठवड्याला बदलावे, नाहीतर रोपाबरोबर डासही वाढतील.

भिंतीवरच्या चित्रांचे थोडे बोलू. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथल्या रंगीत छापांमुळे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे राजवाड्यांतून निघून साध्या घरांच्या भिंतीवर आली. आपल्या घरांत तसबीर लावण्याच्या हौसेला तेव्हापासून बहर आला. पुढे १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि खिळ्याला आणखी एक हक्काचा मानकरी मिळाला. पण आज एकेका खोलीत किराणा दुकानाचे एक, पतसंस्थेचे एक, औषधवाल्याचे एक अशी तीन-तीन कॅलेंडरे लटकत असतात, आणि देवाचे चित्र आहे म्हणून मागच्या वर्षाचेही निघत नाही! तारखेसाठी एक ठेवावे. बाकीच्यांतले एखादे चित्र खरोखर आवडते असेल, तर तेवढे कापून पुठ्ठ्यावर चिकटवून तसबिरीत घालावे. मुलांनी काढलेल्या चित्रांनाही पट्टीवर जागा द्यावी, आणि दर महिन्याला चित्र बदलावे. ज्याचे चित्र भिंतीवर आहे, तो मुलगा त्या घराला आपले म्हणतो.

कायद्याची एक खिडकी

घर सजवण्याच्या भरात मोठे बांधकाम करण्याचा मोह झाला, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भाड्याच्या घरांबाबत पूर्वी मुंबई प्रांतात १९४७ चा कायदा होता, विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा वेगळा होता, मराठवाड्यात हैदराबादचा वेगळा होता. हे सारे एकत्र करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. तो परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांतल्या घरांनाच लागू होतो, म्हणून आपले गाव त्यात येते का, हे आधी विचारून घ्यावे.

त्या कायद्याप्रमाणे घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी सूचना देऊनही पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. उलट, मालकाच्या लेखी परवानगीवाचून कायमचे बांधकाम केले, तर तेच घर खाली करायला लावण्याचे कारण होऊ शकते. भाडेकरार लेखी असावा आणि नोंदवावा, असेही हा कायदा सांगतो. अर्थात गळक्या टिनासाठी नोटीस पाठवण्यापूर्वी फराळाचे ताट पाठवावे. पुष्कळ घरांत ताटाचा परिणाम नोटिशीहून लवकर होतो!

पैशांची वाटणी

जी काही रक्कम बाजूला काढता येईल, तिचे पाच भाग करावेत. एक भाग चुना-कुंचा आणि साफसफाईला. मालकिणीने चुना दिला तर हा भाग वाचलाच. एक भाग दिव्यांना. दोन भाग कापडाला, म्हणजे गादी पिंजणे, लोडांचे अभ्रे, पडद्यांची दोरी-आकडे. पाचवा भाग सणाला.

या पाचव्या भागात मुलांचा वाटा मोठा असावा. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ आणि एक रविवार, एवढ्यात आकाशकंदील होतो. तो किंचित वाकडा होईल; होऊ द्यावा. दारात झेंडू आणि आंब्याच्या पानांचे तोरण, अंगणात सडा, गेरूवर पांढरी रांगोळी. भाड्याच्या घराचा उंबरा काही रांगोळीला मालकाचे नाव विचारत नाही. पणत्या पडद्यांपासून दूर ठेवाव्यात, आणि विजेच्या माळा एकाच जुन्या खटक्यावर तीन-तीन लावू नयेत. भाड्याच्या घरातल्या तारा किती जुन्या आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी पुजतो. घराच्या शोभेचे मूळ कशात आहे, हे आपल्या वाडवडिलांनी तिला हळद-कुंकू वाहून फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

आणि बदलीचा हुकूम आला तर?

येईलच. आज ना उद्या बाईंच्या दारात ट्रक उभा राहील. त्या दिवशी मागे काय राहील? पांढऱ्या भिंती, स्वच्छ कोनाडा आणि दोन खिळे. काकूंच्या डोळ्यांत पाणी येईल, ते काही चुन्यामुळे नव्हे. आणि बरोबर काय जाईल? साडीचे पडदे, वाकळ, गादी-लोड, पिवळा दिवा आणि त्याची टोपली, चार फुटी पट्टी, मुलांची चित्रे. भाड्याच्या घरात तीन वर्षे केलेला जवळजवळ सगळा खर्च ट्रकात चढलेला असेल.

याचा खरा लाभ मुलांना आहे. बदलीच्या गावी सारे नवे असते: शाळा नवी, मास्तर नवे, गल्लीतली पोरे नवी, बोलण्याची तऱ्हासुद्धा नवी. पहिल्या रात्री लहान मूल अंथरुणात पडून भोवती पाहते. त्याला जर खिडकीवर तोच निळ्या काठाचा पडदा दिसला, कोपऱ्यात तोच टोपलीचा उजेड दिसला, पट्टीवर स्वतःचेच चित्र दिसले, तर ते न विचारता झोपी जाते. ‘आपलं घर’ कोठे आहे, हे त्याला कळलेले असते. बापाच्या नावावर सातबारा असो वा नसो.

म्हणून सामान बांधताना एक शेवटची गोष्ट करावी. पडदे, पट्टी, दिवा आणि वाकळ एका वेगळ्या ट्रंकेत भरावीत आणि ती ट्रंक ट्रकात सर्वांत शेवटी चढवावी, म्हणजे ती सर्वांत आधी उतरेल. नव्या गावी भांड्यांची पोती सोडायला दुसरा दिवस आहे. पहिल्या संध्याकाळी आधी पडदा लावावा, मग चहा ठेवावा. आणि तो चहा त्या खोक्यातल्या चांगल्या कपबश्यांतूनच प्यावा.